तपासणाऱ्याची सही

फळ्यावर मी भागाकार केला होता आणि तो बरोबर होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचंय त्यात माझ्या बाजूनं बोलण्यासारखं एवढंच आहे.

आमचं गाव तेरच्या पुढं, तेरणेच्या काठावर. गोष्ट त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेला होता आणि नदीत वाळूशिवाय काही उरलं नव्हतं. गावाचं नशीब एवढंच, की दोन वर्षांपूर्वी निघालेल्या सहकारी उपसा संस्थेनं पात्राला लागून एक खोल विहीर पाडली होती आणि तिचं पाणी अजून हटलं नव्हतं. विहिरीवर पंधरा हॉर्सपॉवरची मोटर. ती पाणी उचलून वरच्या टाकीत टाकायची. भुईमूग भिजवायला काढलेली संस्था त्या वर्षी माणसांना आणि ढोरांना पाणी पाजत होती.

संस्थेत विजेचं बघणारी माणसं दोन. एक मी, व्यंकट. वय बावीस, आयटीआयचा वायरमनचा दाखला घेऊन आलेला. आईनं त्या दाखल्याला काच लावून घेतली होती आणि आल्यागेल्याला ती तो दाखवायची. आजूबाजूच्या चार गावांच्या मोटरी माझ्याकडं होत्या, त्यामुळं आमच्या मोटरघरात मी फक्त शनिवारी जायचो. दुसरे पिराजी तात्या, मोटर चालवणारे. पन्नाशीला आलेले, आमच्याच बौद्धवाड्यातले, आमच्या भिंतीला लागून त्यांची भिंत. तात्यांनी शाळा पाहिली नव्हती. त्यांना आकडे मीच शिकवले, मोटरघराच्या भिंतीवर कोळशानं लिहून. एकपासून पाचशेपर्यंत यायला त्यांना महिना लागला. पुढं पाढे शिकवायचं ठरलं होतं, ते राहून गेलं.

आकडे यायला हवेत असा संस्थेचा नियमच होता. मोटरघरात एक लांबोडकी वही होती. तारीख, वेळ, व्होल्ट, अँपिअर, आणि शेवटचा रकाना ‘तपासणाऱ्याची सही’. मोटर चालू असेपर्यंत दर तासाला दोन्ही मीटरचे काटे बघायचे आणि आकडे लिहायचे, हे तात्यांचं काम. शनिवारी ते तपासून सही ठोकायची, हे माझं. तात्या आकडा लिहीत नसत, कोरत असत. जीभ दातांत धरून, पेन्सिल ओली करून, आठाचं पोट नीट गोल होईपर्यंत. मी मात्र आठवड्याच्या सगळ्या ओळींवर एकच लांब सही ओढून मोकळा व्हायचो.

मार्चअखेरीस तात्यांनी तक्रार सुरू केली.

“व्यंकट, सांजच्याला मोटर आपोआप बंद पडतीय बग. दोनदा पडली, तीनदा पडली. आन् बंद पडायच्या आदी काय हुतं म्हाइताय का? व्होल्टाचा काटा खाली येतो आन् अँपिअरचा काटा वर चढतो.”

मी हसलो. खरंच हसलो, आणि ते हसू मला अजून आठवतं. “तात्या, उलटं सांगताय. वीज कमी आली तर मोटरीत जाणारा प्रवाहही कमीच होणार. नळाला पाणीच कमी आलं तर धार मोठी कशी होईल?”

“ते मला न्हाय कळत. दिसतंय ते सांगतो.”

आता यात विजेचं जेवढं आहे तेवढं इथंच सांगतो, पुढं त्रास नको. मोटरीच्या स्टार्टरमध्ये एक रिले असतो. प्रवाह ठरल्यापेक्षा जास्त झाला की तो मोटर बंद पाडतो, म्हणजे आतली तार जळत नाही. किती प्रवाहाला बंद पाडायचं ते एका छोट्या पेचावर ठरतं. त्या शनिवारी भर दुपारी मी मोटरघरात गेलो तेव्हा व्होल्टचा काटा चारशेवर होता, अँपिअरचा विसावर. सगळं ठाकठीक. मी ठरवलं, रिले नाजूक झालाय, उगाच बंद पडतोय. पेचकस घेतला आणि पेच शेवटपर्यंत फिरवून दिला. आता काही झालं तरी तो मोटर बंद पाडणार नव्हता. त्या गडबडीत वहीवर सही राहिली, आणि पुढचे शनिवार दुसऱ्या गावांच्या मोटरींत गेले.

“अँपिअरचा काटा वर गेला तरी घाबरू नका, तो मीटरच खुळा आहे,” मी तात्यांना म्हणालो. “मोटर चालू ठेवायची. गावाला पाणी लागतं.”

तात्या म्हणाले, “तू म्हंतोस तर बरं.”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दिवस मावळायच्या सुमारास, मोटर जळाली. धूर आणि वास वस्तीपर्यंत आला. वाइंडिंग, म्हणजे आतली तार, नव्यानं भरायला मोटर सोलापूरला गेली. तिथं अख्ख्या जिल्ह्याच्या जळक्या मोटरी रांगेत पडल्या होत्या. एकोणीस दिवस गावाला पाणी नव्हतं. बायका दीड कोस चालून दुसऱ्या गावच्या विहिरीवर जायच्या, तिथल्या बायका आधी आपले हंडे भरून घ्यायच्या, मग यांना दोर द्यायच्या. आमच्या वस्तीच्या बायकांना तर त्याहून शेवटी. माझी आई त्या रांगेत होती. पिराजी तात्यांची भिमाबाई पण होती. एकोणीस दिवसांत बाराएक जनावरं गेली, आणि गावाला आता कुणाचं तरी नाव हवं होतं.

शाळेच्या पटांगणात संस्थेची सभा भरली. चेअरमन सिद्धलिंग आप्पा, गावातले किराणा दुकानदार आणि शेतकरी, माणूस शांत. पोटच्या पोरासारखा त्यांनी मला आवाज दिला. “व्यंकट, तू शिकलेला आहेस. समजावून सांग सगळ्यांना. ये, इकडं खुर्चीवर बैस.”

खुर्चीवर. आमच्या वस्तीतला कुणी माणूस त्या पटांगणात खुर्चीवर बसलेला मी तोवर पाहिला नव्हता. माझा बाप तर पटांगणाच्या कडेला उभा राहूनच म्हातारा झाला. मी खुर्चीवर बसलो, मग उठून फळ्याशी गेलो, कुणीतरी खडू दिला. समोर दोनशे माणसं, मागं बायका, आणि सगळे गप्प, मी काय लिहितो ते बघायला. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं कशाला म्हणतात ते मला विचारा.

मी आयटीआयच्या वहीतलं सूत्र लिहिलं. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध, म्हणजे तारेचा अडथळा, मिळतो. “चारशे भागिले वीस. उत्तर वीस. हा मोटरीचा रोध. तार तीच, म्हणजे रोध तोच. आता व्होल्ट उतरून तीनशेवीस झाले, तर तीनशेवीस भागिले वीस. किती?” कुणीतरी म्हणालं, सोळा. “सोळा अँपिअर. प्रवाह कमी झाला पाहिजे.” मग मी तात्यांची वही उचलून धरली. “आणि इथं लिहिलंय पंचवीस.”

लोक कुजबुजू लागले. सिद्धलिंग आप्पा जरा थांबून म्हणाले, “म्हणजे काटा बघून लिहिलेलं नाही हे?”

मी वहीचं पान त्यांच्याकडं फिरवलं.

“म्हणजे मोटर चालू ठेवून झोप काढली, आन् मागून वही भरली,” मागून एक जण ओरडला. “जळाली तवाबी झोपलाच असंल!”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. “असं झालं असेल का, व्यंकट?”

“तसंच दिसतंय,” मी म्हणालो.

पेच मी फिरवला होता, हे मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, हा बहाणा मी पुढं पुष्कळ वर्षं वापरला. खरं हे, की फळ्यावरचं सूत्र खरं असेल तर पेच कितीही फिरवला तरी काही बिघडत नव्हतं. प्रवाह वाढलाच नसेल तर तो अडवायचा प्रश्नच कुठं येतो? सूत्र खरं तर मी निर्दोष. म्हणून मला ते खरंच हवं होतं. आत कुठंतरी खवखवत होतं, पण खडू हातात होता आणि गाव ऐकत होतं.

तात्या पटांगणाच्या कडेला उभे होते. आप्पांनी विचारलं, “पिराजी, तुला काय म्हणायचंय?” तात्यांनी माझ्याकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं. टोपी काढून हातात घेतली. “व्यंकट सांगतोय ते बरुबर असंल,” एवढंच म्हणाले. मला तेव्हा वाटलं, कबूल केलं. हायसं वाटलं मला. सभेत सगळ्यांदेखत मी वहीतल्या त्या तीन आठवड्यांच्या ओळींवर लाल शाईची रेघ ओढली आणि सहीच्या रकान्यात ‘चुकीची नोंद’ असं लिहिलं.

तात्यांचं काम गेलं. ते रोजगाराच्या कामावर गेले, पाझर तलावावर दगड फोडायला. भिमाबाईपण गेली. वही मी तपासणीसाठी म्हणून घरी आणली आणि ट्रंकेत टाकली. परत मागायला कुणी आलं नाही.

वर्षभरात मला सहकारी साखर कारखान्यात विजेच्या खात्यात नोकरी लागली. शिफारस सिद्धलिंग आप्पांची. ‘फळ्यावर हिशोब मांडून दाखवणारा पोरगा’ असं त्यांनी चिठ्ठीत लिहिलं होतं. कारखान्यानं पंचाहत्तर साली आम्हा सहा जणांना सोलापूरला महिन्याभराच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी एका टेबलावर दोन गोष्टी मांडल्या. एक साधा दिवा, आणि एक छोटी मोटर, तिला पंप जोडलेला. दोघांना वेगवेगळे अँपिअर मीटर. मग त्यांनी एक मूठ फिरवून व्होल्ट कमी करायला सुरुवात केली.

दिव्याचा काटा खाली आला. मोटरीचा काटा वर चढला.

मी पुढच्या रांगेत होतो. सरांनी परत मूठ फिरवली, परत तेच. एक काटा खाली, एक वर. “दिव्याला काम ठरलेलं नसतं,” सर सांगत होते. “मिळेल तेवढ्या विजेवर तो मिणमिणतो. मोटरीला पाणी उचलायचंय. तिचं काम ठरलेलं. व्होल्ट कमी दिले तर ती प्रवाह जास्त ओढते आणि काम पुरं करते. नुसता भागाकार करून मोटर कळत नाही. इथं गुणाकार करायचा. व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे शक्ती. एक आकडा उतरला की दुसरा चढतो. आपल्याकडं उन्हाळ्यात एका लाइनीवर शंभर मोटरी लागतात, व्होल्ट पडतात, आणि मोटरी जळतात त्या याच्यामुळं. म्हणून रिलेच्या पेचाला कधी हात लावायचा नाही.”

बाकीचे वहीत उतरवून घेत होते. मी पेनाला टोपण लावलं.

शक्तीचं सूत्र मला नवीन नव्हतं. आयटीआयच्या वहीत ते त्याच पानावर होतं, भागाकाराच्या खाली दोन बोटं. पुस्तकाची चूक नव्हती, शिकवणाऱ्याची नव्हती. मी वरचं वाचलं आणि खालचं सोडून दिलं.

सुट्टीला घरी आलो, दार लावून ट्रंक उघडली, वही काढली. लाल रेघेखालच्या ओळी वाचायला लागलो आणि मागच्या कोऱ्या कागदावर गुणाकार करत गेलो. दुपारी बारा, चारशे व्होल्ट, वीस अँपिअर. आठ हजार. चार वाजता, तीनशेऐंशी आणि एकवीस. आठ हजाराला वीस कमी. पाच वाजता, तीनशेसाठ, बावीस. सात हजार नऊशेवीस. सहा वाजता, तीनशेवीस, पंचवीस. आठ हजार. पुढचा दिवस, त्याच्या पुढचा दिवस. कुठं पन्नास इकडं, कुठं ऐंशी तिकडं, पण फिरून फिरून आठ हजार. तीन आठवड्यांच्या ओळी, एकही ओळ वेडीवाकडी नाही.

पिराजी तात्यांना गुणाकार येत नव्हता. पाढे शिकवायचं मी राहू दिलं होतं. झोपेतून उठून मनानं आकडे भरणाऱ्या माणसाचे गुणाकार असे जुळत नाहीत, आणि ज्याला गुणाकारच येत नाही त्याला ते जुळवताही येत नाहीत. त्या माणसानं दर तासाला उठून, काट्यासमोर उभं राहून, दिसेल ते लिहिलं होतं. मोटर मी जाळली होती. एकोणीस दिवसांचं पाणी मी तोडलं होतं. आणि चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवलं होतं, तेही दोनशे माणसांसमोर.

कुणालाही वाटेल, त्याच दिवशी मी भिंतीपलीकडं गेलो असेन. दहा पावलं होती. मी वही परत ट्रंकेत ठेवली आणि वरून कुलूप लावलं.

मग कारणांना काय तोटा. नोकरी कच्ची आहे, पक्की होऊ दे. पक्की झाली, कारखान्याच्या वसाहतीत खोली मिळाली, ट्रंक तिकडं गेली. लग्न ठरतंय, होऊन जाऊ दे. झालं. आप्पांनी शिफारस केलीय, त्यांचं नाक कापलं जाईल. आप्पा गेले. वस्तीतली पोरं माझ्याकडं बघून शिकताहेत, त्यांच्यावर काय परिणाम होईल. हे कारण मला सगळ्यात जास्त आवडायचं, कारण त्यात मी जवळजवळ थोर दिसायचो.

तात्या अधूनमधून भेटायचे. कधी तेरच्या स्टँडवर, कधी येडशीच्या बाजारात. हात दगड फोडून फोडून कुदळीच्या दांड्यासारखे झालेले. सोबत कुणी असलं की माझी ओळख करून द्यायचे. “हे आमचे व्यंकट. कारखान्यात विजेचं सगळं हेच बगतात. मला आकडे ह्यांनीच शिकवले.” मी त्यांना ‘चहा घ्या तात्या’ म्हणायचो आणि एसटी यायच्या आत कुठंतरी सटकायचो.

चौऱ्याऐंशी साल उजाडलं. फेब्रुवारीत कारखान्याच्या आवारात डोळ्यांचं शिबिर भरलं. मंडपात दिवे आणि पंखे लावून द्यायचं काम माझ्याकडं होतं. आजूबाजूच्या गावांतले म्हातारे-कोतारे डोळ्यांवर हात धरून रांगेत बसलेले. त्यात तात्या. मला बघून त्यांनी लांबूनच हात हलवला.

त्यांचा नंबर आला तेव्हा मी तिथंच खांबाला वायर बांधत होतो. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना लांबच्या पाटीवरची चिन्हं ओळखायला लावली. तात्यांनी सगळी ओळखली, अगदी खालची बारीक ओळसुद्धा.

“बाबा, लांबची नजर तुमची छान आहे. जवळचा चष्मा लागेल, तो वयामुळं. बाकी काही नाही.”

तात्या उठेनात. “न्हाय बाई, परत बगा. काय तरी फॉल्ट हाय.”

“काही नाही हो.”

“हाय. लई वर्सांपासून हाय. अकरा वर्सं झाली. म्या मोटरीवर हुतो, तवा काटा खाली असला की मला वर दिसायचा. त्याच्यापायी गावाची मोटर जळाली. ढोरं मेली. मागं तेरच्या सोसायटीनं मोटरीवर ये म्हून बोलीवलं, म्या गेलो न्हाय. म्हणलं, आपली नजर फिरती, उगा दुसऱ्या गावाची मोटर कशाला जाळा.”

बाई हसल्या. “खाली असलेलं वर दिसेल असा कुठला आजार नसतो बाबा. तेव्हा तुम्हाला दिसलं असेल ते खरंच दिसलं असेल.”

“मंग तवा काय झालं हुतं?” तात्या म्हणाले. बाईंना नव्हे. ते मान वळवून माझ्याकडं बघत होते. संशयानं नाही, नुसतं विचारत होते. अडलेलं नेहमी मला विचारायची सवय होती त्यांना.

मी वायर सोडून दिली आणि मंडपाच्या मागं जाऊन उभा राहिलो. मला वाटत होतं, मी त्यांचं काम घेतलं, फार तर नाव घेतलं. माणसाचे डोळे काढून घेतले होते मी. अकरा वर्षं ते स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत जगले होते आणि त्यातली नऊ वर्षं औषध माझ्या ट्रंकेत पडून होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वही पिशवीत घालून गावाकडची एसटी धरली. सकाळचे दहा वाजले असतील. तात्या ओट्यावर बसून दोर वळत होते. भिमाबाई ज्वारी निवडत होती.

“अगं, व्यंकट आलाय. च्या टाक,” तात्या म्हणाले.

“चहा नको, काकी. आधी बोलायचंय.”

मी ओट्यावर बसलो आणि वही उघडली. तात्यांनी ती ओळखली. आपल्याच आकड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, लाल रेघेपाशी थांबवलं. मी सांगायला सुरुवात केली. दिवा आणि मोटर, भागाकार आणि गुणाकार.  ओट्यावर कोळशानं एकेक ओळ मांडली, गुणाकार करून दाखवला. आठ हजार. आठ हजाराला वीस कमी. आठ हजार. तात्यांना गुणाकार कळत नव्हता, पण उत्तर तेच तेच येतंय हे कळत होतं. पाचव्या ओळीला त्यांनी माझा हात धरून थांबवला.

“म्हंजे मला दिसत हुतं ते खरं हुतं?”

“अगदी खरं होतं, तात्या. काटा चढत होता. तुम्ही सांगत होता आणि मी हसत होतो. रिलेचा पेच मीच फिरवला होता. मोटर माझ्यामुळं जळाली. सभेत सांगितलं नाही. तुमच्यावर ढकललं.”

भिमाबाईच्या सुपातले हात थांबले. तात्यांनी वळायचा दोर बाजूला सारला. मग म्हणाले, “मला सबेत वाटलं हुतं बोलावं. दिसलं त्येच लिवलंय म्हून. पन तू फळ्यापाशी हुतास. आपल्या वस्तीतलं पैलं मानूस तिथं हुबं राहिलं हुतं, समदं गाव आईकत हुतं. तिथं तुला खोटं पाडावं का म्या? मंग गप बसलो. आन् मंग घरी येऊन वाटाय लागलं, येवढा शिकलेला पोरगा सांगतोय, आपल्यालाच उलटं दिसलं असंल.”

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

“ऱ्हाऊ दे ते. सही कर.”

“काय?”

“ह्या ओळींवर तू सही केली न्हाईस. चुकीची म्हून लिवलंस. आता बरुबर हाय म्हून लिव, आन् सही कर. येकेका ओळीवर कर, लांब रेघ ओडू नगंस.”

मी पेन काढलं. तीन आठवड्यांच्या ओळी, एकेक करून, ‘बरोबर’ आणि सही. तात्या शेजारी बसून बघत होते. शेवटच्या ओळीवर सही झाली तेव्हा उन्हं ओट्यावर आली होती. खाली मी तारीख घालायला लागलो. एकोणीसशे चौऱ्याऐंशी.

“आजची नगं,” तात्या म्हणाले. “तुला ज्या दिवशी कळलं, ती तारीख टाक.”

पेन तसंच राहिलं. तोवर मी सगळं सांगितलं होतं, ते केव्हा कळलं एवढंच सोडून. ‘गेल्या महिन्यात’ असं म्हणता आलं असतं. त्यांनी विश्वासही ठेवला असता, आजवर ठेवत आले होते तसा. मी लिहिलं. पंधरा जून, एकोणीसशे पंचाहत्तर.

मीच शिकवलेले आकडे. तात्यांना ते वाचायला वेळ लागला नाही. अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक सरकत गेला आणि नवव्या पेरावर थांबला.

“नऊ,” ते म्हणाले.

मग त्यांनी वही मिटली, काखेत धरली आणि आत निघून गेले. भिमाबाईनं सूप उचललं. चहाचं कुणी पुन्हा विचारलं नाही.